अकरा बेचाळीस

बबिताला माफ करणं जमत नाही, आणि ते जमावं म्हणून तिनं कधी प्रयत्नही केलेला नाही. लोक सांगतात, बाई, अठरा-एकोणीस वर्षं झाली, सोडून द्या. ती म्हणते, "मी कावून सोडू? त्यानं मला सोडलं होतं का?" मग सांगणारे तब्येतीची चौकशी करून निघून जातात.

तिला हवंय ते फार नाही. रामेश्वर डॉक्टरनं चारचौघांत एवढंच म्हणावं, की मी न मोजता कापलं.

ही गोष्ट सुरू होते शिरूर कासार तालुक्यातल्या एका वाडीवर. तिथं दसरा झाला की अर्धं गाव रिकामं होतं आणि बैलगाड्या, ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊस तोडायला जातात. तोडणीच्या कामात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. बबिताचं लग्न सोळाव्या वर्षी शहादेवशी झालं तेव्हा ती अर्धा कोयता झाली. शहादेव तोडायचा, ती मोळ्या बांधून डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायची. एक मूल झालं ते फडातच गेलं. त्यानंतर तिला पाळीच्या दिवसांत अंगावरून फार जायचं. दोन-दोन दिवस उठवायचं नाही. खाडा झाला की मुकादम सुग्रीव तोंड वाजवायचा.

दोन हजार सहाच्या सप्टेंबरात या सुग्रीवानंच जीप केली आणि वाडीवरच्या आठ बाया भरून तालुक्याला नेल्या. रामेश्वर डॉक्टरांचा दवाखाना तेव्हा एका मजल्याचा होता. डॉक्टरनं बबिताच्या पोटावर गार, चिकट काहीतरी लावलं, हातातलं यंत्र इकडून तिकडं फिरवलं. अर्धा मिनिटसुद्धा नाही. पडदा त्याच्याकडे वळवलेला. मग खर्रर्र करत एक चकचकीत कागद बाहेर आला, त्यावर त्यानं पेनानं तिचं नाव लिहिलं.

"पिशवीत गाठ आहे. तीन पॉइंट दोन सेंटीमीटर," तो शहादेवला म्हणाला. तिला नाही. "आज काढली नाही तर सहा महिन्यांत कॅन्सर."

"काढली की तोडीला येईल का पुन्हा?" शहादेवनं विचारलं.

"पाळीचा त्रासच जाईल. खाडा नाही, काही नाही."

शहादेवनं मान हलवली. चोवीस वर्षांच्या बाईची पिशवी एका मान हलवण्यात गेली. जाताना डॉक्टरनं कागद तिच्या हातात दिला आणि पहिल्यांदाच तिच्याशी बोलला. "हा जपून ठेव. याच्याशिवाय पुढं कुठला दवाखाना तुला हात लावणार नाही." कागद हातात दिला की बाईला खरं वाटतं, हे त्याला ठाऊक होतं. एवढी एक गोष्ट त्यानं अचूक मोजली होती.

त्या वर्षी ती फडात गेली. मोळी डोक्यावर घेतली की कंबरेतून कळ निघायची, अंगातून वाफा निघायच्या. हाडं पन्नाशीच्या बाईची झाली. दुसऱ्या हंगामाला शहादेवनं दुसरी बाई आणली. भांडण झालं नाही. तो नुसता म्हणाला, "कोयत्याला जोडी लागती. तू बस घरी." बबिता घरी बसली नाही. पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन धारूरला मावशीकडे, सरस्वतीबाईकडे आली. कंबर त्याही दिवशी दुखली, पण ते ओझं स्वतःचं होतं.

धारूरच्या घाटाखाली त्याच सुमाराला समाधान नावाच्या गावच्याच तरुणानं कापसाच्या जुन्या जिनिंगचं गोदाम घेतलं होतं. लोकांना वाटलं, पोरगं नांगराचे फाळ करणार. समाधान पुण्यात नऊ वर्षं परदेशी कंपनीची यंत्रं दुरुस्त करत होता. कॅन्सरच्या रुग्णाला किरण देतात ती यंत्रं. हल्ली पेपरवाले लिहितात, की त्याची आजी कॅन्सरनं गेली म्हणून त्यानं कंपनी काढली. आजी चांगली नव्वदीला न्हाणीघरात घसरून गेली. समाधाननं कंपनी काढली ती रागानं. एक साधा टेबलाचा भाग परदेशातून यायला चार महिने लागायचे, आणि तोवर यंत्र बंद, रुग्ण ओसरीत. त्याला वाटायचं, हे तर माझ्या गावचा लोहार करेल.

सुरुवात ठोकळ्यांनी झाली. किरण गाठीवर पडावेत, शेजारच्या चांगल्या मांसावर पडू नयेत, म्हणून वाटेत शिशाचा ठोकळा धरतात. प्रत्येकाची गाठ वेगळी, म्हणून प्रत्येकाचा ठोकळा वेगळा. एका माणसाचा दुसऱ्याला चालत नाही. दवाखान्यातून फिल्म यायची, तिच्यावरून साचा कापायचा, धातू ओतायचा, थंड झाला की घासायचा, बसनं पाठवायचा.

बबिता तिथं झाडायला लागली. तिसऱ्या महिन्यात तिनं बाकावरचा एक ठोकळा झाडताना उचलला, परत ठेवला, पुन्हा उचलला.

"ह्यो हलका हाय," ती म्हणाली.

अंगद नावाचा ओतारी हसला. "काय बे समाधान, झाडूवाली पण आता इंजिनीअर झाली."

समाधाननं ठोकळा काट्यावर ठेवला. मग एक्स-रे काढला. आत बोराएवढा बुडबुडा निघाला. तेवढ्या भोकातून किरण आरपार गेले असते. अंगद हसायचा थांबला. डोक्यावर मोळ्या वाहिलेल्या बाईला वजन कळतं, यात चमत्कार काही नव्हता. पण समाधाननं दुसऱ्या दिवशी तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर दिला. ती चौथी शिकलेली. इंग्रजी आकडे तिनं त्या व्हर्नियरवर गिरवले. शाळेत जे चार वर्षांत झालं नाही ते चार आठवड्यांत झालं, कारण इथं चुकलं तर कोणाचं तरी मांस जळणार होतं.

कंपनी वाढत गेली. ठोकळ्यांनंतर जाळीचे मुखवटे आले. गरम पाण्यात मऊ होणारी जाळी रुग्णाच्या चेहऱ्यावर दाबायची, थंड झाली की ती त्याच माणसाच्या नाकाडोळ्यांची होते, आणि डोकं हलत नाही. मग रुग्ण झोपतो ते टेबल. गोदामाशेजारी एक शेड आली, मग दोन. गेटावर रजिस्टर आलं, पहारेकरी आला, जेवणाची सुट्टी झाल्याचा भोंगा आला.

दोन हजार तेरा-चौदात एक प्रकार झाला, आणि या सगळ्या गोष्टीचं मूळ त्यात आहे. मुखवट्याच्या प्रत्येक चौकटीला एक भोक असतं. प्रत्येक भोक मोजायचं आणि कागदावर लिहायचं. अंगद आता तपासणीत आला होता. त्यानं चौदा चौकटींचा कागद आणून दिला. चौदाच्या चौदा ठिकाणी बारा पॉइंट शून्य चार.

बबितानं कागद पाहिला आणि त्याच्यापुढं सरकवला. "ह्ये मोजलं न्हाई तुमी."

"मोजलं की. बघा ना, सगळे पास."

"पास हायेत म्हणून मी बोलत न्हाई. सारखे हायेत म्हणून बोलते."

"अवो ताई, एकाच मशीनवर पाडलेली भोकं. सारखीच येणार."

"एका आईची लेकरं सारखी येत न्हाईत. पुन्हा मोजा. मी बसते समोर."

मोजली. शून्य चार, शून्य तीन, शून्य सहा, शून्य पाच. दोन चौकटी नापास. समाधाननं त्या दिवशी पेंटर बोलावून शेडच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून घेतलं: दोन आकडे सारखे आले तर पुन्हा मोजा. ती पाटी आजही आहे. परदेशी पाहुणे तिच्यापुढं उभे राहून फोटो काढतात.

त्याच वर्षी कंपनीनं सगळ्या कामगारांची वैद्यकीय तपासणी करायची ठरवली. पूर्वी कुठलं ऑपरेशन झालं असेल तर कागद आणा. बबितानं पत्र्याची पेटी उघडली. लुगड्यांच्या तळाशी, जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेला तो कागद होता. फिकट झाला होता, पण दिसत होता. आणि आता तिला आकडे वाचता येत होते.

वरच्या कोपऱ्यात तारीख होती. १९-०१-२००६. खाली वेळ, ११:४२. मध्ये दोन फुल्या आणि ३.२.

ती पेटीसमोर जमिनीवर बसली. तिचं पोट डॉक्टरनं पाहिलं ते सप्टेंबरात. जानेवारीत ती वाडीवर नव्हतीच. जानेवारीत ती कर्नाटकातल्या फडात होती. संक्रांत फडात झाली, वाणाला उसाच्या कांड्या वाटल्या, हे तिला लख्ख आठवत होतं. एकोणीस जानेवारीला अकरा बेचाळीसला तिच्या डोक्यावर मोळी होती. मग या कागदावरचं पोट कुणाचं?

रविवारी ती एसटीनं वाडीवर गेली. भिवराबाईचं घर पहिलं. भिवराबाई त्या जीपमध्ये तिच्या शेजारी बसली होती. आता नातवंडं सांभाळायची.

"तुजा कागद कुठाय गं? पिशवीचा?"

"हाय की! लई जपून ठिवलाय." भिवराबाई अभिमानानं आत गेली आणि प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक चौकोन घेऊन आली. काळा. तव्यासारखा काळाकुट्ट.

"ह्ये काय?"

"आधार कार्डं आली न्हाई का, तवा बाजाराच्या दिवशी एक पोरगा प्लास्टिक चढवायचं मशीन घेऊन बसला व्हता. सगळ्यांनी आधार दिलं, मी म्हणलं ह्यो कागद त्याच्यापेक्षा म्हत्त्वाचा. ह्याच्याबिगर दवाखाना हात लावत न्हाई. तर आत गेला चकचकीत आन् भाईर आला असा. मी त्या पोराला म्हणलं, मुडद्या, जाळलास की. तर म्हणतो, मावशी, मजबूत झाला."

तो कागदच तसा असतो. उष्णता लागली की काळा पडतो. वाडीवरच्या आणि शेजारच्या दोन वस्त्यांवरच्या आणखी तेवीस बायांना डॉक्टरनं तेच सांगितलं होतं, आणि जपायला सांगितलेली वस्तू प्लास्टिकमध्ये घालायची एवढा शहाणपणा सतरा जणींनी दाखवला होता. बबिता उन्हातून घरोघर फिरली आणि घरोघर तिच्या हातात एकेक काळा चौकोन आला. विमलबाईनं तर तिचा फ्रेम करून देवाशेजारी लावला होता.

"हसू नको," विमलबाई म्हणाली.

"हसत न्हाई मी," बबिता म्हणाली, आणि खरंच हसत नव्हती.

सहा कागद वाचले होते. एक नवऱ्याच्या चिकटपणामुळं, कारण त्यानं प्लास्टिकला नाही म्हटलं होतं. एक ज्वारीच्या कणगीत पडला होता. एकीनं त्याची घडी करून पोथीत घातली होती. बाकीचे असेच, हलगर्जीपणानं वाचलेले. बबितानं ते सहा आणि आपला सातवा भिवराबाईच्या ओट्यावर ओळीनं मांडले. वर पेनानं लिहिलेली सात नावं. खाली सात वेळा १९-०१-२००६. सात वेळा ११:४२. सात वेळा ३.२.

अंगदचे चौदा बारा पॉइंट शून्य चार तिला आठवले. तिनं वर पाहिलं.

"भिवराबाई, त्यानं मोजलंच न्हाई गं."

भिवराबाईला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती एकच वाक्य बोलली. "मंग काढलं काय?"

बबितानं तक्रार केली. सरकारी कचेरीत सात झेरॉक्स दिल्या, पोच घेतली. डॉक्टरनं लेखी कळवलं, की यंत्राचं घड्याळ चुकीचं होतं. सात बायांना एकाच मिनिटाला तपासण्याइतकं चुकीचं घड्याळ कचेरीला पटलं. ‘चौकशी सुरू आहे’ असं तिला चार वर्षं सांगण्यात आलं, नंतर तेही सांगेनासे झाले. ती दर सहा महिन्यांनी जात राहिली. कारकून बदलले. एकानं विचारलं, "बाई, आता काय फायदा?" ती म्हणाली, "तुमच्या फायद्यासाठी आले न्हाई मी."

इकडे दोन्ही गोष्टी वाढत होत्या, कंपनी आणि डॉक्टर. कंपनीची टेबलं नेपाळला गेली, बांगलादेशला गेली, आफ्रिकेला गेली. गोदामाच्या जागी मोठी इमारत झाली, पावणेतीनशे माणसं कामाला लागली, धारूरात भाड्याच्या खोल्या मिळेनात. बबिता तपासणीची मुख्य झाली. तिच्या हाताखाली डिप्लोमा झालेल्या मुली होत्या आणि तिच्या सहीची पट्टी बांधल्याशिवाय वस्तू गेटाबाहेर जात नव्हती. तिकडं डॉक्टरचा एक मजला चार मजले झाला. हात जोडलेले त्याचे फलक नाक्यानाक्यावर लागले.

दोन हजार चोवीसमध्ये कंपनीनं पहिलं संपूर्ण यंत्र तयार केलं. नुसतं टेबल नाही, मुखवटे नाहीत. किरण देणारं अख्खं यंत्र. समाधान तपासणीत आला. त्याचा चेहरा पाहूनच बबिताला कळलं, की काहीतरी अवघड सांगायचं आहे.

"पहिलं मशीन आपल्याच जिल्ह्यात बसतंय, ताई."

"कुठं?"

तो व्हर्नियर उचलून उघडझाप करत राहिला. "रामेश्वर डॉक्टर कॅन्सर सेंटर काढतायत."

बबितानं हातातलं काम संपवलं, आकडा लिहिला, पेन ठेवलं. समाधानला सात कागद माहीत होते. तिनंच दाखवले होते. "काढणारच," ती म्हणाली. "आधी भीती विकली, आता इलाज विकतोय."

"ताई, मशीन त्याचं असलं तरी पेशंट आपले आहेत. माजलगावची बाई मुंबईला जाते किरणं घ्यायला, फुटपाथवर राहते. तिनं काय केलंय?"

"मी काय म्हणले का काही?"

"तुम्ही काही म्हणत नाही तेव्हाच मला भीती वाटते."

त्याची भीती खरी होती. पुढचे चार महिने ते यंत्र तिच्या हाताखालून गेलं आणि त्यातला एकही दिवस असा गेला नाही, की तिच्या मनात काळंबेरं आलं नाही. एक बोल्ट सैल. एक तार उघडी. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापली आणि यंत्र मेलं, पाहुण्यांसमोर, कॅमेऱ्यांसमोर. ती हे चित्र मनात फिरवून फिरवून बघायची, त्यातली चव घ्यायची. पण त्या टेबलावर डॉक्टर झोपणार नव्हता. झोपणार होती भिवराबाई, नाहीतर भिवराबाईची सून. म्हणून प्रत्येक बोल्ट तिनं स्वतः आवळून पाहिला. एवढं बिनचूक यंत्र तिनं जन्मात तपासलं नव्हतं. सूड घ्यायचा तर हत्यार स्वच्छ पाहिजे, असं तिचं म्हणणं.

यंत्र बसवायच्या खोलीच्या भिंती साडेपाच फूट जाड काँक्रीटच्या. किरण बाहेर येऊ नयेत म्हणून. डॉक्टरनं ती खोली दवाखान्याच्या अंगणात उभी केली. यंत्र बसलं, चाचण्या झाल्या, आणि ताबा देण्याचा दिवस ठरला. ताबा देताना अठ्ठेचाळीस पानांचं चाचण्यांचं पुस्तक असतं. पानोपानी तक्ते: वस्तू, तारीख, वेळ, आकडा, मोजणारा. प्रत्येक पान वाचून मालकानं सही करायची. पुस्तक तपासणी विभाग बांधतो, म्हणजे बबिता बांधते. तिनं या पुस्तकाची एकोणपन्नास पानं केली.

त्या दिवशी खोलीत चौघं होते. समाधान, बबिता, रामेश्वर डॉक्टर, पांढरा सदरा, अंगठ्या, आणि चैताली, सत्तावीस वर्षांची फिजिसिस्ट, म्हणजे किरण नेमके किती पडतात ते रोज सकाळी मोजणारी. ती महिन्यापूर्वी नोकरीवर आली होती. तिच्याशिवाय मुंबईचं कार्यालय यंत्र चालवायची परवानगी देत नाही.

"आण बाई, कुठं कुठं अंगठे उमटवायचे ते सांग," डॉक्टर हसत म्हणाला. त्यानं बबिताला ओळखलं नाही. ओळखणार कसं? त्यानं तिचं तोंड कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"वाचून करा, सर," चैताली म्हणाली.

"अगं, समाधानरावांवर विश्वास आहे." तो पानं उलटत सह्या मारत सुटला. पाच, दहा, वीस. एकतिसावं पान आलं. बबिता त्याच्या पेनाकडे पाहत होती. पेन थांबलं नाही. सही झाली. बत्तीस, तेहतीस. एकोणपन्नास.

"झालं," डॉक्टर म्हणाला. "पेढे मागवा."

"थांबा," बबिता म्हणाली. "एकतीस नंबरचं पान वाचून दाखवते."

आणि तिनं वाचलं, उभं राहून, शाळेत धडा वाचतात तसं. "पेशंट भिमाबाई. तारीख एकोणीस एक दोन हजार सहा. वेळ अकरा बेचाळीस. आकडा तीन पॉइंट दोन. मोजणारा डॉक्टर रामेश्वर. पेशंट मोहिनी. तारीख एकोणीस एक दोन हजार सहा. वेळ अकरा बेचाळीस. आकडा तीन पॉइंट दोन. मोजणारा..."

सात नावं. शेवटचं बबिता. ती थांबली. "ह्ये मी. मोजणारा म्हणून खाली सही तुमची हाय, आत्ताची, ताजी."

डॉक्टरचा चेहरा आधी हसराच राहिला, कारण त्याला काही समजलं नव्हतं. मग त्यानं पुस्तक ओढून घेतलं.

"हा काय प्रकार आहे, समाधानराव?"

समाधान पांढराफटक. "ताई, तुम्ही फसवून सही घेतलीत?"

"फसवून? मराठीत लिहिलंय, सगळ्यांत मोठ्या अक्षरात. वाचलं न्हाई ते त्यांनी. त्यांनी त्या दिवशी बी वाचलं न्हाई."

"घड्याळ चुकलं होतं त्या यंत्राचं," डॉक्टर म्हणाला. "कचेरीत कळवलंय मी."

"आन् गाठ? सात बायांच्या पोटात एकाच मापाची गाठ? आमच्या कारखान्यात एका मशीनवर पाडलेली भोकं सारखी निघत न्हाईत, डॉक्टर."

"बाई, जुन्या गोष्टी झाल्या. तुम्हाला काय हवंय? तपासण्या, औषधं, या दवाखान्यात तुम्हाला सगळं फुकट करून देतो."

"मला काई नको फुकट. एक वाक्य पायजे. म्हणा, मी न मोजता कापलं. एवढं म्हणा, मी पान फाडते. आत्ता, तुमच्यासमोर."

डॉक्टरनं पुस्तक मिटलं. भिंती इतक्या जाड, की बाहेरचा एक आवाज आत नव्हता. त्यानं म्हटलं असतं, तर बबितानं खरंच पान फाडलं असतं. ती शब्दाची पक्की आहे. त्यानं म्हटलं नाही. तो समाधानकडे वळला आणि म्हणाला, "या बाईला बाहेर काढा आणि ताब्याच्या दाखल्यावर तुम्ही स्वतः सही करा. मंत्री येणार आहेत सोमवारी."

समाधाननं पेन काढलं. हे सांगायला पाहिजे, कारण नंतर पेपरात वेगळं आलं. त्यानं पेन काढलं, टोपण काढलं. सोळा वर्षांची कंपनी आणि पहिलं यंत्र त्याच्यापुढं होतं.

तेवढ्यात चैताली बोलली. "सर, मी तुम्हाला कालच विचारलं होतं, रोज सकाळच्या रीडिंगचं रजिस्टर कुठं ठेवायचं. तुम्ही काय म्हणालात?"

"मॅडम, ही वेळ आहे का?"

"तुम्ही म्हणालात, महिन्याचे आकडे एकदमच भरून टाका, रोज कोण बघतंय." तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, जिथं रुग्णाचं डोकं येतं बरोबर तिथं. "मला वाटलं चेष्टा करताय. मी इथं काम करणार नाही. मुंबईला तसं लिहून कळवते."

फिजिसिस्ट नाही तर परवानगी नाही, आणि परवानगी नाही तर यंत्र म्हणजे लोखंड. समाधाननं टोपण पेनाला परत लावलं. लोक याला तत्त्वनिष्ठा म्हणतात. बबिता म्हणते, "चैताली गेली म्हणून लावलं. पण लावलं. तेवढं मी मानते."

बाहेर पडल्यावर समाधान तिला गाडीत घेऊन निघाला. घाट लागल्यावर म्हणाला, "कंपनी बुडली असती, ताई."

"भिंतीवर पाटी कुणी लिवली? मी का तुमी?"

"मी."

"मंग."

यंत्र अकरा दिवसांत सुटं करून काढलं आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात बसवलं. चैताली तिथंच लागली. तिचे रोजचे आकडे बबिता मागवून घेते आणि वाचते. रोज थोडे वेगळे असतात. कंपनीची गेल्या वर्षात आणखी सहा यंत्रं गेली. एकतीस नंबरच्या पानाची प्रत, सात कागद आणि चैतालीचं पत्र अशी नवी फाइल मुंबईला वैद्यकीय परिषदेकडे गेली. चौकशी पुन्हा उघडली, आणि डॉक्टरला ऑपरेशन करायला तूर्त मनाई झाली. तूर्त. बबिताला तो शब्द आवडला नाही.

डॉक्टरच्या अंगणात ती खोली मात्र उभी आहे. साडेपाच फूट काँक्रीट. पाडायला दोन ठेकेदार येऊन बघून गेले. पहिल्याच्या मशीनचं पातं तुटलं, दुसऱ्यानं पाडलं तर शेजारची इमारत तडकेल म्हणून हात जोडले. येणारा-जाणारा विचारतो, हे काय बांधलंय हो? आणि कुणी ना कुणी सांगतं.

एकोणीस जानेवारी दोन हजार सहा हा गुरुवार होता. बबितानं जुनं कॅलेंडर शोधून पाहिलं. आता दर गुरुवारी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी ती डॉक्टरला फोन करते. नाव सांगत नाही, शिवी देत नाही. एकच विचारते, "डॉक्टर, किती वाजले?"

पहिल्यांदा त्यानं सवयीनं घड्याळ पाहिलं आणि सांगितलंही. "अकरा बेचाळी..." मग फोन आपटला. त्यानं नंबर बदलला. तिसऱ्या दिवशी नवा नंबर तिच्याकडे होता. दवाखान्यातला वॉर्डबॉय बजरंग भिवराबाईचा भाचा लागतो. डॉक्टरनं पोलिसांत तक्रार दिली. हवालदारानं बबिताला बोलावून विचारलं, बाई, काय त्रास देता त्यांना? ती म्हणाली, "वेळ विचारते. वेळ विचारणं गुन्हा हाय का?" हवालदाराची आई शिरूरचीच होती. त्यानं चहा पाजून पाठवलं.

गेल्या महिन्यापासून गुरुवारी फोन लागत नाही. आवाज येतो, आपण डायल केलेला ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. भिवराबाई म्हणाली, "गेला वाटतं गाव सोडून. संपलं गं बाई आता."

बजरंगनं खरं काय ते सांगितलं. डॉक्टर गाव सोडून गेलेला नाही. गुरुवारी साडेअकरा झाले की तो उठतो, अंगण ओलांडतो आणि त्या काँक्रीटच्या खोलीत जाऊन बसतो. आत एक प्लास्टिकची खुर्ची टाकली आहे. त्या भिंतींतून फोनची रेंज आत येत नाही. बारा वाजले की बाहेर येतो.

"फोन बंद करून का बसत न्हाई मंग?" भिवराबाईनं विचारलं.

"बंद केला तरी कान फोनकडंच लागतात म्हणे. आत गेल्यावरच बरं वाटतं."

बबितानं हे दोनदा सांगायला लावलं. खुर्ची कसली, दार लावून घेतो का, आत दिवा असतो का, सगळं विचारलं. त्या खोलीचं माप तिला पाठ होतं. भिंती तिनंच तपासून पास केल्या होत्या.

या गुरुवारी ती पावणेबाराच्या आधी तपासणीच्या बाकावरून उठली, हात पुसले, खिडकीशी गेली आणि फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तिनं ते वाक्य मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत, तिन्ही वेळा शेवटपर्यंत ऐकलं. मग परत येऊन पुढची चौकट उचलली आणि मोजली.

भिवराबाईला तिनं सांगून ठेवलंय, की एखाद्या गुरुवारी आपल्याला ताप आला, काही झालं, तर अकरा बेचाळीसचा फोन तिनं करायचा. भिवराबाईला घड्याळ वाचता येत नव्हतं. बबितानं तिला शिकवलं.